परीस्तानात गेलेली बाई

नागपंचमीची कहाणी आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकली असेल. श्रावण लागतो. घरातल्या एकेका सुनेला तिच्या माहेरचं माणूस न्यायला येतं. धाकटीला मात्र माहेरच नाही. ती मनाशी म्हणते, नागोबाच माझ्या माहेरचा, तोच मला न्यायला येईल. शेषाला तिची दया येते. तो ब्राह्मणाचं रूप घेऊन दारात उभा राहतो आणि तिला फण्यावर बसवून पाताळात आपल्या घरी नेतो. तिथं तिचे दिवस सुखात जातात. पण एकदा नागीण बाळंत होत असताना हिच्या हाती दिवा दिलेला असतो, पिल्लांची वळवळ पाहून ही घाबरते, दिवा पडतो आणि पिल्लांची शेपटं भाजतात. नागीण रागावते आणि पाहुणीला सासरी परत पाठवलं जातं. पिल्लं मोठी होतात, सूड घ्यायला येतात. पाहतात तर ही पाटावर नागाचं चित्र काढून, आपल्या त्या शेपूट भाजलेल्या भावांना सुखी ठेव म्हणून हात जोडून बसलेली. त्यांचा राग तिथंच विरतो.

ही कहाणी आठवण्याचं कारण असं, की सध्या तरुण मुलींमध्ये गोष्टींचा एक प्रकार फार वाचला जातो. शहरात नोकरी करणारी, लोकलच्या गर्दीत चेंगरणारी एखादी मुलगी झोपते, अपघातात सापडते किंवा एखादं जुनं पुस्तक उघडते आणि डोळे उघडून पाहते तो काय, ती भलत्याच राज्यात! तिथं जादू आहे, उडणारे प्राणी आहेत आणि तिच्यावर जीव टाकणारा राजपुत्रही आहे. कोरिया, चीन, जपान, अमेरिका अशा कुठकुठल्या देशांतून आलेल्या या गोष्टी मोबाइलवर रोज एक भाग याप्रमाणे वाचल्या जातात. घरातली वडील मंडळी कपाळाला आठ्या घालतात. हे कुठलं परदेशी खूळ, असं त्यांना वाटतं.

हे खूळ असेल तर ते परदेशी मात्र नाही. माहेर नसलेली ती धाकटी सून केव्हाच पाताळात जाऊन आलेली आहे. मुद्दा एवढाच, की बाई दुसऱ्या जगात कशासाठी जाते आणि तिथं गेल्यावर काय मागते. ते नीट पाहिलं, की तिच्या नेहमीच्या जगात काय कमी होतं ते कळतं. धाकट्या सुनेनं ना हिरे मागितले ना राजपुत्र. तिला हवं होतं चार दिवसांचं माहेर. सणाला न्यायला येणारं माणूस हीच तिच्या लेखी सगळ्यांत मोठी जादू होती.

आमच्या पालीला लहानपणी दोन्हीकडच्या गोष्टी कानावर पडायच्या. शेजारच्या पडवीत श्रावणातल्या कहाण्या चालायच्या आणि आमच्या घरी दादी परीस्तानाच्या गोष्टी सांगायची. त्या मूळच्या उर्दू-फारसीतल्या दास्ताँ. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीतून त्यांची पातळ पुस्तकं गावात यायची. या दास्ताँमध्ये प्रवास करतो तो बहुधा शहजादा. गुलबकावलीचंच पाहा. १८०३ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी निहालचंद लाहोरी यांनी ती उर्दू गद्यात आणली, १८३८ साली दयाशंकर नसीम यांनी ती काव्यात बांधली. आंधळ्या बापासाठी बकावलीच्या बागेतलं फूल आणायला निघतो तो शहजादा ताजुल्मुलूक. पण गोष्ट तिथं संपत नाही. आपलं फूल चोरणारा कोण, हे शोधायला बकावली परी पुरुषाचा वेष करून माणसांच्या जगात उतरते आणि त्याच्यावर भाळते. माणसावर प्रेम केलं म्हणून इंद्र तिला शाप देतो आणि कमरेखाली तिचा दगड होतो. शहजादा सीमा ओलांडतो तेव्हा त्याला राज्य मिळतं. परीनं सीमा ओलांडली, तर तिचे पायच जातात.

याला एक सुंदर अपवाद आहे. दिल्लीत जन्मलेले आणि पुढे अवधात राहिलेले कवी मीर हसन यांनी १७८५च्या सुमारास ‘सिहरुल बयान’ ही मसनवी रचली. गच्चीवर झोपलेल्या बेनझीर शहजाद्याला माहरुख नावाची परी उचलून नेते. पुढे तो बद्रेमुनीर या शहजादीच्या प्रेमात पडतो आणि रागावलेली परी त्याला विहिरीत कोंडते. आता त्याला सोडवायचं कुणी? शहजादी रडत बसते. निघते ती तिची मैत्रीण, वजिराची मुलगी नज्मुन्निसा. ती जोगिणीचा वेष घेते, बीन खांद्याला लावते आणि एकटी रानात शिरते. तिचं वादन ऐकून जिनांचा शहजादा फिरोजशाह भुलतो आणि तिला आपल्या उडत्या तख्तावर बसवून बापाच्या दरबारात घेऊन जातो. तिथं ती आपल्या कलेच्या जोरावर बेनझीरची सुटका करवून घेते. जादूच्या मुलखात नेली गेलेली आणि तिथं डोकं शाबूत ठेवून काम फत्ते करणारी ही बाई सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. एकोणिसाव्या शतकात पारशी रंगभूमीनं हीच कथा मुंबईत रंगमंचावर आणली. पण नज्मुन्निसा जाते ती मैत्रिणीच्या प्रेमासाठी, दुसऱ्याच्या कामाला. स्वतःसाठी निघायला तिला अजून अवकाश होता.

मराठी कादंबरीचं तर याहून नवल. आपली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आली. तिच्यातली यमुना नवऱ्याबरोबर खऱ्याखुऱ्या मुलखात फिरते आणि ठिकठिकाणी विधवांचे हाल डोळ्यांनी पाहते. पण ही वाट लगेच मागे पडली. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली आणि राजकन्या, राक्षसासारखे खलपुरुष, योगायोग, विमान यांचा सुकाळ झाला. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांच्या लेखणीतून अरबी सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत उतरल्या त्याही याच शतकाच्या उत्तरार्धात. तिकडे इंग्लंडात १८६५ साली लुईस कॅरोलची अॅलिस सशाच्या बिळातून नवलाईच्या देशात पडली. पुढे भा. रा. भागवतांनी तिला ‘जाईची नवलकहाणी’ म्हणून मराठी फ्रॉक घातला.

खरं जग सोडून लेखक विमानात का बसले? याचं उत्तर खुद्द रिसबुडांनीच ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत देऊन ठेवलं आहे. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की आपल्याकडची लग्नाची रीत आणि इतर कारणं यांमुळे हिंदू माणसाच्या आयुष्यात रंजक म्हणावं असं बरंवाईट काही घडतच नाही. मग कादंबरी लिहायची कशावर? त्यापेक्षा अद्भुताचा आश्रय बरा. मराठी साहित्याच्या इतिहासात या कबुलीची चर्चा पुष्कळ झाली, पण तिच्याकडे मुलीच्या बाजूनं पाहायला हवं. १८६० सालच्या दंडविधानात पत्नीशी संबंधांसाठी वयाची मर्यादा होती दहा वर्षं. ती बारावर न्यायला १८९१ साल उजाडलं आणि त्यावरून केवढं वादळ झालं ते आपण जाणतो. मुलीच्या लग्नाचं वय चौदा करणारा सारडा कायदा मंजूर झाला तो १९२९ साली. भातुकली खेळण्याच्या वयात सासरी गेलेल्या मुलीला प्रेमात पडायला सवड कुठून मिळणार? निवड करायची तर आधी निवडीचं वय तरी यायला हवं. मुसलमान घरांतही चित्र फारसं वेगळं नव्हतं, फक्त तिथं पडदा अधिक जाड होता. तेव्हा प्रेमकथेला घरात जागा नव्हती म्हणून ती परीस्तानात गेली. रिसबुडांचं विमान हौसेनं उडालेलं नाही, त्याला खाली उतरायला जमीन नव्हती.

आणि या विमानातली नायिका तरी कशी? सुंदर, पतिव्रता, संकटं सोसणारी आणि कुणीतरी सोडवायला येण्याची वाट पाहणारी. तिला घडवणारे बहुतेक पुरुष होते. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध लिहिला, तेव्हा त्यांनी त्या काळच्या कथा-नाटकांनी रंगवलेल्या बायकांचाही खरपूस समाचार घेतला. त्यानंतर ताराबाईंचं नाव जवळजवळ पुसलं गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो निबंध पुन्हा छापला, तेव्हा कुठं तो लोकांना ठाऊक झाला.

आता १९०५-०६ या सुमाराला येऊ. या दीड-दोन वर्षांत तीन बायकांच्या आयुष्यात जे घडलं ते एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. त्या तिघी एकमेकींना ओळखत नव्हत्या.

पहिली रुकैया. बंगाली लोक तिला बेगम रोकेया म्हणतात. १८८० साली रंगपूर जिल्ह्यातल्या पायराबंद गावी जमीनदाराच्या घरात तिचा जन्म झाला. घरात मुलींना बंगाली आणि इंग्रजी शिकवण्याची चाल नव्हती. मोठ्या बहिणीनं बंगालीची गोडी लावली आणि भावानं रात्री सगळे झोपल्यावर दिव्याच्या उजेडात इंग्रजी शिकवलं. लग्न झालं ते बिहारात भागलपूरच्या बाजूला अधिकारी असलेल्या सखावत हुसेन यांच्याशी. ते दोन दिवस दौऱ्यावर गेले असताना वेळ घालवायला म्हणून तिनं इंग्रजीत एक गोष्ट लिहिली, ‘सुलतानाज ड्रीम’. नवरा परत आला, त्यानं उभ्याउभ्याच ती वाचून काढली आणि भयंकर सूड उगवलास, असा शेरा दिला. मग त्यानंच ती छापायला पाठवायचं मनावर घेतलं. १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ती प्रसिद्ध झाली.

गोष्ट थोडक्यात अशी. सुलताना खोलीत आरामखुर्चीवर बसली आहे. तिचा डोळा लागतो की नाही कुणास ठाऊक, पण सारा नावाची एक बाई तिला बाहेर फिरायला घेऊन जाते. रस्त्यावर सगळ्या बायकाच. बुरख्याशिवाय दिवसाउजेडी चालताना सुलताना संकोचते, तर बायका तिला हसतात आणि म्हणतात, तू पुरुषांसारखी लाजतेस! कारण या स्त्रीराज्यात पुरुष घरात बसतात, मर्दान्यात. देशात बायकांची दोन विद्यापीठं आहेत. एकानं ढगातून पाणी ओढून घेण्याची युक्ती काढली, दुसऱ्यानं सूर्याची उष्णता साठवण्याची. पुरुषांनी त्याला स्वप्नरंजन म्हणून हसण्यावारी नेलं. पुढे शत्रूची फौज चालून आली, पुरुष हरले आणि मग बायकांनी साठवलेली सूर्याची उष्णता शत्रूवर सोडून लढाई जिंकली. तिथला स्वयंपाक उन्हाच्या आचेवर होतो, त्यामुळे स्वयंपाकघरात ना धूर ना काजळी. प्रवास हवेतल्या गाडीतून. शेवटी त्या गाडीतून उतरताना सुलताना घसरते आणि जागी होते ती आपल्याच खोलीत, त्याच आरामखुर्चीवर.

आपल्या कोकणातल्या चुलीपुढे डोळे चोळणाऱ्या बाईला विचारा, जादू कशाला म्हणतात. ती म्हणेल, धूर नसलेल्या चुलीला. रुकैयानं परीस्तानात सोन्याचे महाल उभे केले नाहीत. तिनं तिथं मागितलं ते विद्यापीठ, मोकळा रस्ता आणि धूर नसलेलं स्वयंपाकघर. तिथं राजपुत्रही नाही. प्रेमकथेची जागा इथं दोन बायकांच्या गप्पांनी घेतली आहे.

दुसरी अतिया फैजी. तिची बहीण नाझली ही जंजिऱ्याच्या नवाबाची बेगम, म्हणजे आपल्या कोकणचीच राणी. अतिया १९०६ साली शिक्षिकेचा अभ्यासक्रम शिकण्यासाठी जहाजानं लंडनला गेली. जे दिसेल ते तिनं घरी पत्रांतून कळवलं आणि लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या बायकांच्या साप्ताहिकानं ते छापलं. पडद्यात बसून हे वाचणाऱ्या बायकांना लंडनचे रस्ते, ग्रंथालयं, आगगाड्या हे सारं परीस्तानच वाटलं असणार. फरक एवढाच, की ही परीकथा डाकेनं येत होती आणि तिच्यावर खऱ्या गावाचा शिक्का होता. १९०८ साली नाझली बेगमही युरोपला जाऊन आली आणि तिनंही आपला प्रवास उर्दूत लिहून काढला.

तिसरी आपल्या रत्नागिरीतली. तिच्या बाबतीत ही सगळी गोष्टच उलटी झाली. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि १८८६च्या एप्रिलमध्ये राणी सुपयालत आणि मुलींसह रत्नागिरीत आणून ठेवलं. थोरली राजकन्या तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. मंडालेच्या सोनेरी राजवाड्यातून उचलून तिला जांभ्या दगडाच्या, मुसळधार पावसाच्या या जिल्ह्याच्या गावी आणलं गेलं. आपल्याला जे रोजचं, ते तिला परकं जग. ना जोडीचं राजघराणं, ना लग्नाची आशा. वय वाढत गेलं. राजवाड्यावर नोकरीला असलेल्या गोपाळ सावंत या विवाहित मराठी माणसावर तिचं मन जडलं आणि १९०६ साली तिला मुलगी झाली, टूटू. ज्याला आज आपण थिबा पॅलेस म्हणून पाहुण्यांना दाखवतो, तो राजवाडा पुरा झाला १९१० साली, म्हणजे या साऱ्यानंतर. १९१६ साली राजा इथंच वारला, १९१९ साली कुटुंब ब्रह्मदेशला परतलं. आता गोष्टीच्या नियमाप्रमाणे राजकन्या घरी पोचली, गोष्ट संपली. पण थोरली राजकन्या मुलीसह पुन्हा रत्नागिरीलाच आली. १९४७ साली ती इथंच गेली. टूटू मराठी बोलत, गरिबीत संसार करत २००० सालापर्यंत रत्नागिरीत राहिली.

परक्या जगात नेलेल्या बाईचं घर कुठलं, हा प्रश्न या राजकन्येनं सोडवला की तो तिच्यावर लादला गेला? राजवाड्याच्या भिंतीपाशी उभं राहिलं की हा प्रश्न मनात येतो. परीकथेत प्रेमाला शाप असतो आणि उःशापही असतो. इथं उःशाप नव्हता, पण तिला परत यावंसं वाटेल असं काहीतरी या गावात होतं, एवढं खरं.

मराठीत रुकैयाच्या जवळ जाणारं पुस्तक यायला १९२८ साल लागलं. काशीबाई कानिटकर यांची ‘पालखीचा गोंडा’ ही ती कादंबरी. १८६१ साली, म्हणजे ‘मुक्तामाला’ छापली गेली त्याच वर्षी काशीबाईंचा जन्म झाला. लहानपणी लग्न होऊन आल्या तेव्हा अक्षरओळखही बेताची होती. पुढे सासरच्या मंडळींची नजर चुकवत त्या वाचायला शिकल्या आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र लिहिण्यापर्यंत पोचल्या. ‘पालखीचा गोंडा’ प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांचं वय सदुसष्ट होतं. पालखीच्या मानासाठी एका मुलीचं लग्न मनानं अधू असलेल्या संस्थानिकाशी लावून दिलं जातं. ती रडत बसत नाही, कारभार हाती घेते आणि बायकांचं शिक्षण, बायकांचा हक्क यांवर उभं असलेलं राज्य घडवते. इथं जादूची कांडी नाही. पण ब्रिटिश मुलखातल्या साध्या वाड्यात ज्याला जागा नव्हती, त्यासाठी काशीबाईंनी एक काल्पनिक संस्थान वसवलं. हे अगदीच अधांतरी नव्हतं. भोपाळची गादी १८१९ ते १९२६ या शंभरावर वर्षांत बहुतेक काळ चार बेगमांनी सांभाळली होती आणि बडोद्याला सयाजीराव महाराजांनी मुलींसकट सर्वांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. काशीबाईंच्या परीस्तानाला पाया होता, वर इमारत त्यांनी रचली.

आता पुन्हा मोबाइलवरच्या त्या मुलीकडे वळू. तिच्या गोष्टीत पुष्कळ पाणी आहे हे मीही मानतो. रोज एक भाग लिहायचा म्हटलं की राजपुत्रही पाणी घातलेलाच निघणार. पण ती नायिका त्या राज्यात जाऊन काय करते ते बघावं. कुणी तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतं. तिच्या हुशारीचं कौतुक होतं. रात्री ती एकटी हिंडते आणि तिला कुणी कुठं होतीस म्हणून विचारत नाही. एवढ्यासाठी आपल्या मुलींना आकाशातलं राज्य लागत असेल, तर आठ्या घालण्याआधी आपल्या घराच्या उंबऱ्याकडे बघायला हवं. घरातली मुलगी काय वाचते, यापेक्षा त्या गोष्टीतलं तिला काय आवडलं, हे विचारणं सोपं आहे आणि उपयोगाचंही.

स्वप्नातली बाई जागी झाली की सगळं संपतं, असं म्हणणाऱ्यांसाठी रुकैयाची पुढची हकिकत सांगतो. १९०९ साली नवरा वारला. त्याच्या नावानं तिनं मुलींची शाळा काढली आणि १९११ साली ती कलकत्त्याला नव्यानं सुरू केली, आठ मुली घेऊन. मुलींना आणायला मोटार केली, पण घरच्यांच्या आग्रहाखातर ती चहूबाजूंनी बंद ठेवावी लागली. आत काळोख आणि उकाडा, मुलींना भोवळ यायची, उलट्या व्हायच्या. मग खिडक्या उघडून पडदे लावले, तर पडदे वाऱ्यानं उडतात म्हणून तक्रारी आल्या. हे सारं तिनंच ‘अवरोधवासिनी’ या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. हवेतल्या उघड्या गाडीचं स्वप्न लिहिणारी ही बाई पुढे वर्षानुवर्षं त्या मोटारीचे पडदे सारखे करत राहिली, पालकांच्या दारोदार गेली आणि १९३२ साली मरेपर्यंत तिनं शाळा चालवली. ती शाळा कलकत्त्यात आजही भरते.